पिसदुऱ्याचं गवत: मैत्रिणीला पत्र

पुणे, रविवार

प्रिय शोभा,

सप्रेम नमस्कार.

नववी-दहावीच्या मुलांना पृथ्वीच्या आणि सजीवांच्या इतिहासावरचं काय दाखवावं, असं तू विचारलंस. बीबीसीची 'अर्थ' ही माहितीपट मालिका दाखव. पाच भाग आहेत, २०२३ साली आली, क्रिस पॅकहॅम गोष्ट सांगतात. तू वरोऱ्यात शिकवतेस, म्हणून तुझ्या मुलांनी ती बघायलाच हवी असं मला वाटतं. कारण पुढे येईलच.

कॉलेजात तू बॉटनीला गेलीस आणि मी जिऑलॉजीला. तुझ्या पुस्तकात झाडं होती, पण त्यांच्या खालची जमीन नव्हती. माझ्या पुस्तकात खडक होते, आणि सजीव आलेच तर खडकाचं वय ठरवण्यापुरते. ही मालिका बघताना सारखं मनात येत होतं, की हे दोन विषय आपल्याला असे तोडून शिकवायलाच नको होते. सजीवांनी खडक घडवले, हवा बदलली. आणि त्याच खडकांनी, त्याच हवेने सजीवांना कितीदा तरी जवळजवळ पुसून टाकलं. या मालिकेची नायिका पृथ्वीच आहे, आणि म्हणूनच ती मला इतकी आवडली.

एक सांगते. मालिका काळाच्या क्रमाने जात नाही. पहिला भाग २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशाचा, दुसरा त्याच्याही कितीतरी आधीच्या गोठलेल्या पृथ्वीचा, तिसरा वनस्पतींचा, चौथा वातावरणाचा आणि पाचवा माणसापर्यंत येणारा. मोठ्यांना हे चालतं, मुलांचा गोंधळ होईल. माझं ऐकशील तर चौथ्यापासून सुरुवात कर. मग दुसरा, तिसरा, पहिला आणि शेवटी पाचवा.

वातावरणाच्या भागाआधी मुलांना एवढंच सांग, की पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं आहे आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास काळात हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. तो आणला सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जिवांनी. ऊन आणि पाणी वापरून अन्न करता करता ते ऑक्सिजन बाहेर टाकत होते. त्या वेळच्या समुद्रात विरघळलेलं लोह भरपूर होतं. आधी ते गंजलं, तळाशी थर साचले. लोह संपत आल्यावर, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, ऑक्सिजन हवेत टिकू लागला. गोव्याच्या खाणींतलं लोहखनिज तशाच पट्ट्यापट्ट्यांच्या जुन्या खडकांमधून आलेलं आहे. तेव्हाच्या बहुतेक जिवांना ऑक्सिजन विषच होता, आणि तरी आपण आज त्याच्यावर जगतो. तासभर नुसतं एवढ्यावर बोललीस तरी वर्ग गप्प बसून ऐकेल.

गोठलेल्या पृथ्वीचा भाग मी दोनदा बघितला. सुमारे ७१.७ कोटी वर्षांपूर्वी बर्फ ध्रुवांकडून सरकत सरकत विषुववृत्तापर्यंत आला आणि साडेपाच कोटी वर्षांहून जास्त काळ टिकला. बर्फ पांढरा, तो ऊन परत पाठवतो. ऊन परत गेलं की थंडी वाढते, थंडी वाढली की बर्फ वाढतो. यातून सुटका कशी व्हायची? जोसेफ किर्शविंक या भूशास्त्रज्ञांनी १९९२ साली उत्तर सुचवलं. ज्वालामुखी बर्फाखालीही धुमसत असतात, त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड येत राहतो. एरवी पावसात विरघळून तो खडक झिजवतो आणि शेवटी समुद्रतळाशी जातो. पण पाऊसच थांबलेला, म्हणून तो हवेत साठत गेला, लाखो वर्षं साठला, आणि एकदाचा बर्फ वितळला. पुढे पॉल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नामिबियात हिमनद्यांनी वाहून आणलेल्या दगडगोट्यांच्या थेट वर उष्ण समुद्रातला चुनखडक दाखवला. थंडी आणि उकाडा, मध्ये काहीच नाही. मी त्या खडकांचे फोटो कितीदा बघितलेत, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

वनस्पतींबद्दल तुला मी काय सांगणार! फक्त जमिनीवर आलेल्या पहिल्या वनस्पतींना बुरशीची सोबत होती, हा धागा मुलांच्या लक्षात आणून दे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात वनस्पतीच्या पेशी आणि त्यांच्यातली बुरशी दोन्ही दगड होऊन राहिली आहेत.

आता पहिला भाग. सायबेरियात लाव्हा वाहायला लागला आणि लाखो वर्षं वाहत राहिला. समुद्रातल्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रजाती संपल्या. पण नुसत्या लाव्ह्याने एवढं होत नाही. वर येणारा तप्त शिलारस वाटेत कोळशाच्या थरांमध्ये घुसला आणि तो कोळसा जळाला. जळक्या कोळशाच्या राखेचे कण कॅनडाच्या उत्तरेकडच्या त्याच काळातल्या खडकात सापडलेत. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, समुद्र तापला, आम्ल झाला, त्यातला ऑक्सिजन घटला.

शोभा, तुझ्या गावाला लागून असलेल्या खाणींतला कोळसाही पर्मियन काळातलाच आहे, त्या विनाशाच्या आधीचा. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांच्या दलदलीतल्या जंगलांचा. ते जिभेच्या आकाराचं पान तू मला ओळखायला शिकवलंस. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे साथीदार मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते आणि त्यात याच वनस्पतीचे ठसे होते. मरायला टेकले तरी त्यांनी ते टाकले नाहीत. वर्ध्याच्या खोऱ्यातलं झाड आणि अंटार्क्टिकातलं झाड एकच, कारण तेव्हा जमीनही एकच होती. त्या महाविनाशात ग्लॉसोप्टेरिसची जंगलं गेली. दलदलीची जंगलं जगभरच अशी गेली, की पुढची सुमारे एक कोटी वर्षं कोळसा कुठेच तयार झाला नाही.

आणि तोच कोळसा आपण चंद्रपूरच्या वीज केंद्रात जाळतो. माझ्या घरातला दिवा त्याच्यावर लागतो, तुझ्या शाळेतला पंखाही. हे लिहिताना मला कुणाला दोष द्यायचा नाही; खाणीत राबणाऱ्या माणसांची मुलं तुझ्याच वर्गात बसतात. पण सायबेरियात शिलारसाने जे केलं ते आज आपण करतो आहोत, आणि कार्बन सोडण्याचा आपला वेग तेव्हाच्या सरासरी वेगापेक्षा जास्त आहे, हे त्या मुलांना कळायला हवं. ती खाणीच्या काठावर वाढतात, म्हणून त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर समजेल.

पाचव्या भागात ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट येते. मेक्सिकोच्या युकातानमध्ये दहाएक किलोमीटर रुंदीचा अशनी आदळला. तेव्हा आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, आघाताच्या आधीही आणि नंतरही. मी रोज ज्या काळ्या पाषाणावर चालते तो हाच. डायनासोर संपण्यात त्याचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. मला स्वतःला अशनीची बाजू जड वाटते, पण हा प्रश्न तू मुलांपुढे उघडाच ठेव.

आणि आता, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ते. पिसदुरा गाव तुझ्यापासून किती लांब आहे? जवळच आहे ना? नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथून जीवाश्म गोळा केले होते. शेजारच्या डोंगरगावच्या टेकडीतून एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडं निघाली. १९९७ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. पण मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते पिसदुऱ्याचे दगड झालेले शेणाचे गोळे. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात गवताच्या पेशींमध्ये तयार होणारे सिलिकाचे कण मिळाले. डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतं, असं तोवर मानत असत. २००५ साली या शोधाने ते मत मोडलं. २०११ मध्ये त्याच ठिकाणच्या कणांवरून भाताच्या कुळातलं गवतही तेव्हा होतं, असं त्यांनी दाखवलं. आपण जो भात खातो त्याचं कूळ डायनासोरांनी चरलेलं आहे, आणि त्याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात निघाला! तुझा विषय आणि माझा विषय त्या गोळ्यांमध्ये एकत्र आहे.

मालिका दाखवून झाली की मुलांना पिसदुऱ्याला ने. गावच्या लोकांना आधी विचार. दगड मात्र कुणाला उचलून आणू देऊ नकोस. बघायचं, फोटो काढायचा, वहीत चित्र काढायचं. इंग्रजी निवेदन सगळ्यांना जड जाईल, म्हणून मी प्रत्येक भागाचं मराठी टिपण करायला घेतलंय. पहिली दोन झालीत, या पत्रासोबत पाठवते. वनस्पतींच्या भागाचं तूच लिही, ते माझ्याकडून नीट होणार नाही.

सहल जानेवारीत ठेवलीस तर मी दोन-तीन दिवस काढून येईन. शाळेतला प्रोजेक्टर चालतो का तेवढं कळव, नाहीतर मी इथून घेऊन येते. आईंना नमस्कार सांग.

तुझी,
मंजू