चंपाच्या हिरवळीबद्दल

प्रिय सुमे,

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. मावशींच्या माघारी त्यांचं कासव, आपली चंपा, तुझ्याकडे आली, हे वाचून फार बरं वाटलं. चाळीस वर्षं एकाच अंगणात काढलेल्या जीवाला नव्या घरात माया लावणारं माणूस मिळालं, यासारखं दुसरं काय हवं! पण फोटो पाहिला आणि पोटात गोळा आला. चंपा ज्या लॉनवर उभी आहे, ते मी पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं. एकसारखं, दाट, गडद हिरवं गवत. त्यात पिवळ्या फुलांच्या डँडेलियनचं एक रोप नाही, तीन पानी क्लोव्हरचं एक पान नाही, म्हणजे तण कुठेच नाही. अशी हिरवळ आपोआप होत नाही गं. तिच्यावर कुणीतरी काहीतरी मारत आलेलं असतं. म्हणून आधी ऊठ आणि चंपाला घरात घे. पुढचं मग सावकाश वाच.

माझा दगडू, तोही कासवच, तीन वर्षांपूर्वी आजारी पडला होता, एवढंच मी तुला तेव्हा कळवलं होतं. का पडला, ते कधी लिहिलं नाही. आम्ही या घरात नुकतेच राहायला आलो होतो. मागे असंच सुरेख लॉन होतं. ऊन चांगलं पडायला लागलं तशी मी त्याला रोज सकाळी तिथे सोडायला लागले. चार दिवस तो आनंदाने चरला. पाचव्या दिवशी त्याने जास्वंदीच्या फुलाकडेही पाहिलं नाही. मान बाहेर टाकून नुसता पडून होता, तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि चालायला गेला की मागचे पाय ओढत होता. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, 'लॉनवर काय टाकलंय?' मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन मागची खोली धुंडाळली, तेव्हा अर्धवट वापरलेली एक पिशवी सापडली. खत आणि तणनाशक एकत्र असलेले दाणे. मग मी लॉनवर गुडघे टेकून गवत बोटांनी बाजूला केलं, तर मुळांशी तेच करडे दाणे दिसले. उभं राहून पाहिलं तर एकही दिसत नव्हता. दगडूचं तोंड मात्र नेमकं त्याच उंचीवर असतं. त्या दाण्यांमुळेच झालं असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही, सिद्ध करायला तसं काही हाताशी नव्हतं. सलाईन, कोमट पाण्याच्या अंघोळी, ऊब, एवढेच उपाय चालले. एकोणिसाव्या दिवशी त्याने एक पाकळी खाल्ली आणि मी तिथेच रडत बसले. आधीच्या घरमालकांना मी बोल लावत नाही. त्यांच्याकडे कासव नव्हतं. या जमिनीवर आजवर काय काय पडलंय हे मी विचारायला हवं होतं, आणि ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मिळेल ते वाचत गेले. लॉनवरच्या या मिश्र दाण्यांत बहुतेक वेळा २,४-डी, मेकोप्रॉप, डायकॅम्बा अशी तणनाशकं असतात. २,४-डी १९४० च्या दशकापासून वापरात आहे. वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची ते नक्कल करतं. रुंद पानांची रोपं त्यामुळे वेडीवाकडी वाढून मरतात आणि गवत तेवढं तगतं. आता रुंद पानांची रोपं म्हणजे कोणती? डँडेलियन, प्लँटेन (केळ नव्हे, जमिनीलगत पसरणारं रुंद पानांचं तण), क्लोव्हर. नेमकं चंपाचं ताट! आपण ज्याला तण म्हणून नाक मुरडतो, तेच तिचं खरं अन्न. त्यात भर म्हणजे फवारलेलं रोप मरता मरता अधिक चविष्ट होऊ शकतं. रॅगवर्ट नावाचं एक विषारी तण आहे. एरवी गुरं ते टाळतात, पण तणनाशक मारल्यावर ते त्यांना गोड लागायला लागतं. म्हणून ते पूर्ण वाळून जाईपर्यंत गुरांना त्या कुरणात सोडत नाहीत. तेव्हा 'फवारलेलं असेल तर चंपा स्वतःच तोंड लावणार नाही' या भरवशावर राहू नकोस.

पिशवीवर लिहिलेलं असतं, की फवारा वाळल्यावर पाळीव प्राण्यांना सोडायला हरकत नाही. या वाक्याने माझ्यासारख्या कितीजणींची फसगत झाली असेल! ते लिहिताना डोळ्यांपुढे कुत्रा-मांजर असतं. कुत्रा हिरवळीवरून पळत जातो. कासव त्याच हिरवळीवर पोट घासत चालतं, तीच खातं, पानाबरोबर थोडी मातीही गिळतं, मग तिथेच पाय पसरून ऊन खात बसतं. पाणी वाळलं म्हणून औषध उडून जात नाही, ते पानावरच असतं. शिवाय कासवाचं सगळंच संथ. खाल्लेलं पोटातून बाहेर पडायला काही दिवसांपासून कित्येक आठवडे लागू शकतात, आणि अंग गार असेल तर आणखी वेळ. विष तेवढा काळ आत राहतं. कीटकनाशकांतल्या पायरेथ्रॉइड गटाचा तर थंड रक्ताच्या जीवांवर गारव्यात अधिक जोर चालतो.

डायझिनॉनची हकिगत वाचली तेव्हा मला दगडूच आठवला. अमेरिकेत हे कीटकनाशक गोल्फच्या मैदानांवर सर्रास मारत. हिवाळ्यात तिथे चरायला उतरणारी जंगली हंस-बदकं मरायला लागली. पुष्कळ वाद झाले आणि १९९० च्या सुमारास मैदानांवरचा त्याचा वापर थांबला. तरी घरच्या बागांसाठी त्याची विक्री तिथे २००४ अखेरपर्यंत चालूच होती. त्या पक्ष्यांनी काय केलं होतं? गवत खाल्लं होतं, इतकंच.

फक्त तणनाशकावर लक्ष ठेवून भागत नाही. गोगलगायींसाठी टाकतात त्या निळ्या गोळ्या बागेत कुठेही दिसल्या तर सगळ्या वेचून काढ. त्यात मेटाल्डिहाइड हे विष असू शकतं. ब्रिटनमध्ये २०२२ पासून त्याचा बागेतला वापर बंद आहे. कासवांना रंगीत वस्तूचं भारी आकर्षण, ती पहिल्यांदा त्यालाच तोंड लावतात. शेवाळ मारायला टाकतात ते लोहसल्फेट, उंदरांच्या वड्या, मुंग्यांची पावडर, यातलं काहीच तिच्या वाटेत नको. साधं युरियाचं दाणेदार खतही तिने गिळलं तर बाधतं. आणि 'सेंद्रिय' या शब्दाने निश्चिंत होऊ नकोस. बुरशीवर मारतात ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय बागेतही चालवून घेतात, पण म्हणून ते कासवाच्या पोटात जावं असं नाही.

तुझ्याकडे कुत्राही आहे, म्हणून हे वेगळं सांगते. आयव्हरमेक्टिन नावाचं जंतांवरचं औषध कुत्र्यांना आणि गुरांना देतात. ते कासवांसाठी जीवघेणं आहे, त्याने लकवा येतो. ते चंपाला कुणी कधीही द्यायचं नाही. ज्या कुत्र्याला किंवा गुरांना ते दिलंय त्यांच्या विष्ठेपर्यंतही तिला पोचू द्यायचं नाही, कारण कासवं शेणलेंडी खातात.

आता तुझा प्रश्न असणार, जमीन निर्धोक व्हायला किती दिवस लागतात? याचं एक उत्तर नाही. २,४-डीचं प्रमाण चांगल्या जिवंत मातीत आठवडा-दहा दिवसांत निम्मं होतं. ग्लायफोसेट या तणनाशकाला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही जास्त टिकतं आणि मुळांतून पानाफुलांत चढतं. शिवाय निम्मं होणं म्हणजे संपणं नव्हे, निम्म्याचं पुन्हा निम्मं होत जायचं असतं. कोरड्या किंवा गार मातीत हे आणखी रेंगाळतं. मी सबंध एक वर्ष धरते. ही माझी स्वतःची मर्यादा आहे, कुठल्या पुस्तकातला आकडा नव्हे. त्या वर्षात लॉनला नुसतं पाणी द्यायचं, कापलेलं गवत बाहेर टाकायचं, चंपाला ते घालायचं नाही आणि त्याचं कंपोस्टही करायचं नाही.

कंपोस्टचं एवढं का म्हणते? क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही दोन तणनाशकं गवतातून गुरांच्या पोटात जातात, शेणातून तशीच बाहेर पडतात आणि कुजलेल्या खतातही शिल्लक राहतात. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये कितीतरी लोकांचे टोमॅटो आणि शेंगांचे वेल विकत आणलेल्या शेणखताने आकसून गेले, तेव्हा अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली होती. म्हणून कुठून आलंय ते माहीत नसलेलं खत मी दगडूच्या जागेत घेत नाही. घ्यायचंच झालं तर आधी त्यात दोन-चार वालाचे दाणे पेरून पाहते. पानं गुंडाळलेली, पेल्यासारखी उगवली तर ते खत बाद. एवढ्याने तणनाशकांचा हा एक गटच कळतो, कीटकनाशक कळत नाही, हे ध्यानात ठेव.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांबाबतीतही मी अशीच कडक आहे. त्यांच्या मातीत कीटकनाशक मुरलेलं असू शकतं, आणि सावकाश विरघळणाऱ्या खताच्या पिवळ्या गोळ्या, पर्लाइटचे पांढरे खडे असतातच. मी मुळं धुऊन रोप दुसऱ्या मातीत लावते, जुनी पानं खुडून टाकते आणि पुढे कित्येक महिने त्याचं पान दगडूला देत नाही. त्यापेक्षा बी पेरणं केव्हाही उत्तम.

तर चंपासाठी काय करायचं? अख्खं लॉन सुधारत बसू नकोस. एक कोपरा निवड. शेजारच्या कुंपणापासून लांब असावा आणि बाकी बागेपेक्षा थोडा उंच असावा, म्हणजे पावसाचं पाणी दुसरीकडचं काही घेऊन तिथे येणार नाही. तिथली वरची वीतभर माती काढून टाक आणि खात्रीची माती भर. मग प्लँटेन, डँडेलियन, क्लोव्हर, थोडं साधं गवत असं बी पेर. एका कडेला जास्वंद आणि फड्या निवडुंग लाव. कडेच्या फळ्या भरीव घे आणि फूटभर जमिनीत गाड. त्यामुळे पाणी अडतं, आणि पलीकडचं दिसत नसल्याने कासवही कुंपणाला धडका देत बसत नाही. फक्त फळ्या जुन्या, हिरवट झाक असलेल्या घेऊ नकोस. २००३-०४ पर्यंत लाकूड टिकवायला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण भरत असत, त्यातलं आर्सेनिक मातीत झिरपतं. रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत, त्यात क्रिओसोट हे डांबरी तेल मुरलेलं असतं.

शेजाऱ्यांशी बोलणं हे मला सगळ्यात जड गेलं होतं. मी दगडूला हातात घेऊनच गेले. फवारू नका असं म्हटलंच नाही. फक्त आदल्या दिवशी सांगा, म्हणजे मी याला दोन दिवस आत ठेवीन, एवढंच मागितलं. तेव्हापासून ते न चुकता कळवतात. फवारा वाऱ्यावर उडतो हे सगळ्यांना कळतं, पण कडक उन्हात काही औषधं पानावरून वाफ होऊन पुन्हा उठतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. गवत कापायला कुणी येत असेल तर त्याचं यंत्र तिच्या कोपऱ्यात नेऊ देऊ नकोस, आधीच्या दहा बागांचं गवत त्याच्या पात्याला चिकटलेलं असतं. आणि तिथे जाताना चपला बदल.

चंपा सुस्त वाटली, लाळ गळाली, थरथरली किंवा पायातला जोर गेला, तर वाट पाहू नकोस. अंग कोमट पाण्याने धू, तिला उबेत ठेव आणि सरीसृपांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे पिशवी किंवा डबा घेऊनच जा. दूध, तेल असलं काही पाजू नकोस.

अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर १८८२ साली जोनाथन नावाचं एक राक्षसी कासव आणलं. तेव्हाच ते पन्नाशीचं असावं असा अंदाज आहे. गव्हर्नरच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर ते पुढे शंभराहून जास्त वर्षं चरत राहिलं. चंपाचीही अजून चाळीस वर्षं तरी असतील. तोवर ती त्याच एका कोपऱ्यातलं खाणार आहे. त्यापुढे वर्षभर थांबणं मला फार वाटत नाही. ते वर्षभर तिला घरातच कुंड्यांत पेरलेलं घाल.

उद्या एक काम कर. मागच्या खोलीतले सगळे डबे आणि पिशव्या बाहेर काढ, त्यांच्यावरची बारीक अक्षरातली घटकांची नावं जशीच्या तशी उतरव आणि मला पाठव. आधी तिथे राहणाऱ्यांचा पत्ता मिळाला तर त्यांनाही विचार, शेवटचं काय मारलं आणि कधी. तुझं उत्तर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसेल.

तुझी,
नीला

ता. क. माझ्या प्लँटेनला भरपूर तुरे आलेत. बी सुकलं की पाकिटात घालून पाठवते.