दारात गोणी ठेवून गेलेल्यांना

धारावीत आमच्या चर्चची संध्याकाळची अभ्यासिका चालते. पहिल्याच पावसात पत्रा गळला, पोरांच्या वह्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी दाराशी निळी ताडपत्री, दोन गोणी तांदूळ आणि वह्यांचा गठ्ठा. चिठ्ठी नाही, नाव नाही. वह्यांना खाकी कव्हरंसुद्धा घातलेली! (एवढा वेळ कुणी काढला असेल?) ताडपत्री बांधून देणारे दोघं तर चहाही न घेता गेले.

१८९६-९७च्या दुष्काळातल्या मुलींना केडगावात आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाई सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या मुलींसाठी भाकऱ्या थापणारे हात कुणाला ठाऊक?

पाचवीतली एक पोर रोज विचारते, “थँक्यू कुणाला म्हणायचं?” म्हणून हे लिहिलं. मनापासून आभार. गोणी धुऊन ठेवल्यात, न्यायला या.