मंगळवार ते शुक्रवार

एडिंबरा, ३० ऑगस्ट

प्रिय बाळू,

दिवाळीनंतर तुला दोन ओळी धाडल्या नाहीत आणि आता एकदम एवढं पत्र, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मध्येच हसतोस, मग मी विषय बदलतो आणि बोलायचं ते राहूनच जातं. तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा पावसाच्या आदल्या दिवशी बोलतो, म्हणजे इथे रोजच.

तर मी टोमॅटो लावले. उघड्यावर, स्कॉटलंडमध्ये. आधी हसून घे.

ती अलॉटमेंटची जागा, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा तुकडा, गेल्या वर्षी मिळाली. नाव लावून सात वर्षं थांबलो होतो. तुकडा सव्वा गुंठ्याचा, तुझ्या बैलाने एक वळण घेतलं तर संपेल. शेजारच्या तुकड्यावर एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. चाळीस वर्षं तिथेच बटाटे लावतात. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, टोमॅटो काचघरात लाव, बाहेर लावलेस तर नुसती चटणी खाशील. टोमॅटोच्या नारायणगावच्या माणसाला हे सांगतात! मी हो हो म्हटलं आणि घरी येऊन बी मागवलं.

मार्चमध्ये खिडकीत बी टाकलं. उजेड एवढा कमी की रोपं काचेकडे माना ताणून बगळ्यासारखी झाली. पुन्हा टाकलं. मे महिना संपेपर्यंत इथे रात्री गोठणाऱ्या दंवाचा भरवसा नसतो, म्हणून रोपं बाहेर काढायच्या आधी त्यांना थंडीची सवय लावायची: दहा-बारा दिवस सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. ट्रे उचलून उचलून माझी कंबर गेली. ही म्हणाली, माझ्या बाळंतपणात एवढी ये-जा केली नव्हतीस. जूनच्या पहिल्या आठवड्यात लागण केली, चौदा रोपं, पत्र्याच्या शेडला लागून दक्षिणेच्या अंगाला. पत्रा तापला की तेवढीच ऊब. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण उजेड म्हणजे ऊन नव्हे. जुलैत दुपारी साधारण एकोणीस-वीस अंश, रात्री दहा-बारा. एवढ्या थंडीत पराग नीट तयार होत नाही, फूल येतं आणि देठाला पिवळं पडून गळतं. मी सकाळी जाऊन एकेका गुच्छाला टिचकी मारायचो. आमच्या हिने त्याचा फोटो काढून वहिनींना पाठवलाय, तुझ्यापर्यंत आला असेलच.

त्यात समुद्रावरून धुकं येतं. दुपारी लख्ख ऊन असताना अर्ध्या तासात सगळं पांढरं. त्या धुक्याला इथे 'हार' म्हणतात. फुलांचा नव्हे, आपली.

पण आलं रे. चार गुच्छ धरले आणि ऑगस्ट लागताच शेंडा खुडला, कारण पाचव्या गुच्छाला पिकायला इथे उन्हाळाच उरत नाही. बांबू, सुतळी, बांधणी सगळं आपल्या पद्धतीने. रोज संध्याकाळी फुटवे काढायचे. बोटं हिरवी-काळी व्हायची आणि घरी बेसिनमध्ये हात धुताना पिवळं पाणी जायचं. तो वास, बाळू. बेसिनपाशी उभा राहून मी हात हुंगत होतो आणि डोळ्यापुढे तुझ्या मामांची मोटर, मागे नारायणगड.

आता खरं सांगतो.

५ ऑगस्टला, मंगळवारी, सातव्या झाडाच्या खालच्या पानावर डाग दिसला. पानाच्या कडेला, पाण्यात भिजल्यासारखा, मध्ये तपकिरी. पान उलटलं. डागाच्या कडेने पांढरी बुरशी, पिठाची बोटं पुसल्यासारखी. तुला पुढचं सांगायला नको. टोमॅटो-बटाटा दोन्हींना धरतो तो करपा. आपण आभाळ बघून करप्याचं हवामान म्हणायचो, इथे त्याचा नियम करून ठेवलाय: लागोपाठ दोन दिवस पारा दहाच्या खाली उतरला नाही आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेत नव्वद टक्क्यांवर ओल राहिली, की इशारा. डंडीजवळच्या संस्थेत हे काम झालं, इथून तासा-दीड तासावर. माझ्या फोनवर तो इशारा रविवारीच आला होता. मी तो अंगठ्याने बाजूला सारला.

आणि मंगळवारी ते पान मी तोडलं, चुरगाळलं, खिशात घातलं. आजोबा दहा पावलांवर बटाट्याला भर घालत होते. त्यांनी विचारलं, कसं काय? मी म्हटलं, झकास.

बुधवारी पाऊस. गुरुवारी पाऊस. बुधवारी मी गेलोच नाही. गुरुवारी गेलो तर तीन झाडांच्या खोडांवर काळे पट्टे. तरीही बोललो नाही. शुक्रवारी त्यांनाच त्यांच्या बटाट्यावर दिसलं.

तुला माहीतच आहे, बटाट्याला करपा दिसला की त्याच दिवशी पाला जमिनीलगत कापायचा, उचलून लांब न्यायचा आणि दोन-तीन आठवडे माती हलवायची नाही. पाल्यावरचं बुरशीचं बी पावसाबरोबर खाली झिरपलं की बटाटा जमिनीतच सडतो. म्हणजे मंगळवारी मी तोंड उघडलं असतं तर पाऊस यायच्या आधी पाला कापून झाला असता. फवारा मारायची सोयच नाही, मोरचूद-चुना इथे घरच्या बागेसाठी विकायला बंद आहे. हातात होतं ते एवढंच, वेळेवर सांगणं.

शुक्रवारी आजोबा माझ्याकडे आले, टोपी काढली आणि माझी माफी मागितली. म्हणे, बहुतेक माझ्या बटाट्यावरून तुझ्या टोमॅटोवर आलं, पहिल्याच वर्षी तुझं नुकसान झालं, वाईट वाटतं. त्यांच्या आईकडची माणसं आयर्लंडची. १८४५ पासून तिथे ज्याने बटाट्याची शेतं काळी केली आणि दहा लाखांवर माणसं मेली, तोच हा रोग. त्यांची आजी म्हणे या रोगाचं नाव घरात काढू द्यायची नाही. हे सगळं ते मला सांगत होते आणि माझा हात खिशात होता. जॅकेट तेच होतं. पानाचा चुरा अजून शिवणीत होता.

कुठून कुठे गेलं ते देव जाणे. वाऱ्यावर कोसकोस येतं ते, त्यांच्याकडूनही आलं असेल, तिसऱ्याकडूनही. प्रश्न तो नाही.

एसटी स्टँडवर चार लोकांत मी तुला खोटारडा म्हणालो होतो, आठवतं? आठवत असणारच, तू दर लग्नात काढतोस. मामांचं अर्धा एकर वाट्याने केलं होतं, तुला गुरुवारी करपा दिसला आणि तू रविवारपर्यंत गप्प राहिलास. मध्ये आण्णांचा प्लॉटही बसला. मी तुला विचारलं होतं, लेका, जीभ झडली होती का? तू म्हणालास, बोललो असतो तर खरं झालं असतं. मी ते वाक्य वीस वर्षं नक्कल करून सांगतोय, तुझ्याच आवाजात. इथल्या मित्रांनाही इंग्रजीत करून दाखवलंय. मंगळवारी रात्री अंथरुणात ते वाक्य तुझ्या आवाजात नाही, माझ्याच आवाजात ऐकू आलं.

ही म्हणते, उगाच कशाला सांगायचं, म्हाताऱ्याला त्रास आणि तुलाही. बरोबर असेल तिचं. आण्णांकडच्या काकीही तुझ्याबद्दल असंच काहीतरी बोलल्या असतील, किंवा नसतील. त्या आठवड्यात त्यांनी आपल्यालाच डबा पाठवला होता, पोरांचं पीक गेलं म्हणून. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या. तू एकही खाल्ली नाहीस. मला तेव्हा वाटलं तुझं पोट बिघडलंय.

झाडं उपटली. हिरवे टोमॅटो नऊ किलो निघाले. चांगले निवडून कपाटाच्या खणात कागदात, मध्ये दोन पिकली केळी, आंब्याची अढी घालतात तसे. रोज रात्री खण उघडतो. रोज दोन-तीन तरी देठाकडून तपकिरी आणि चामड्यासारखे झालेले असतात, ते काढून टाकतो. आतापर्यंत पिकून खाण्याजोगे निघाले अकरा. बांबू-माती-बियाण्याचा खर्च अडतीस पौंड. एक टोमॅटो साडेतीन पौंडाला पडला, रुपयांत तूच कर. २०२३च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेलं तेव्हा तू मला साधा मिस्ड कॉल दिला नव्हतास, मला ते टीव्हीवरून कळलं. आता सांग कोणाचा माल महाग.

उरलेल्या हिरव्यांची चटणी. काकींना विचारून कळव, तीळ आधी भाजायचे की दाण्याबरोबर, आणि लसूण किती. हिची आणि माझी यावर दोन दिवस जुंपली आहे.

पोरीचं कॉलेज कुठलं ठरलं? नाशिक की पुणे? वहिनींचा हात प्लास्टरमधून सुटला असेल. द्राक्षाचं तू मागे काहीतरी म्हणाला होतास, ते नंतर नीट सांग, आत्ता डोकं नाही. बारक्याला माझा नमस्कार सांग, त्याचे पैसे मी विसरलेलो नाही.

उद्या आजोबांचे बटाटे काढायचे आहेत. तीन आठवडे झाले. त्यांची पाठ धरते, म्हणून खणायला मला बोलावलंय, सकाळी नऊला. काटा मी मारणार, ते मागून वेचणार. माती वर येईल तेव्हा काय निघेल ते आम्ही दोघं एकदमच बघणार.

बाळू, तू आण्णांना कधी सांगितलंस का रे?

तुझा,
दिन्या