झाडामागचे आकाश : माझ्या चित्रकलेच्या सरांना

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

कोल्हापुरातील कोटितीर्थ तलावाच्या काठावर बसून केलेले माझे पहिले स्वतंत्र निसर्गचित्र आता पूर्ण होत आले आहे. समोर आभार मानले की आपण विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. पहिल्याच दिवशी आपण सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँ यांच्या, शेळ्या आणि गुराखी असलेल्या निसर्गचित्राची छापील प्रत पुढे ठेवलीत आणि त्याची अनुकृती करायला सांगितलीत. या वयात दुसऱ्याचे चित्र गिरवायचे, या कल्पनेने मी खट्टू झालो होतो. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२३ मध्ये कलासंग्राहक सर जॉर्ज बोमाँट यांच्या इंग्लंडमधील लेस्टरशायर येथील घरी पाहुणे होते, तेव्हा त्यांनी याच चित्राची प्रत केली. त्या वेळी ते ४७ वर्षांचे होते आणि 'द हे वेन' हे आपले प्रसिद्ध चित्र रंगवून त्यांना दोन वर्षे होऊन गेली होती, एवढेच आपण शांतपणे सांगितलेत. त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

सुरुवातीला मी झाड पान पान करून रंगवत होतो. आपण माझ्या हातातला बारीक ब्रश काढून घेतलात, इंचभर रुंदीचा चपटा ब्रश दिलात आणि डोळे किलकिले करून सगळे चित्र बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग आणि पांढरा यांच्या केवळ तीन छटांत मांडायला लावलेत. त्या कामात दोन महिने गेले, आणि ते माझे सर्वांत मोलाचे महिने ठरले.

मात्र शेंड्याजवळच्या पानांचा प्रसंग मी कधीच विसरणार नाही. पानांच्या फटींतून दिसणारे आकाश मी मोकळ्या आकाशाच्याच रंगाने भरले होते, आणि झाडावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसू लागले होते. आपण त्याच रंगात झाडाच्या हिरव्याचा किंचित अंश मिसळून एक ठिपका मंद केलात, आणि तो ठिपका माझ्या डोळ्यांदेखत झाडामागे सरकला. भोवतालच्या गडद रंगामुळे लहानशी उजळ जागा प्रमाणाबाहेर झगझगते, हे कारण आपण नंतर सांगितलेत. आधी डोळ्यांना पटू दिलेत.

प्रत पूर्ण झाल्यावर मी उत्साहाने कोपऱ्यात सही केली. ती आपण पुसायला लावलीत आणि मागच्या बाजूस मूळ चित्रकाराचे नाव, 'अनुकृती' हा शब्द आणि तारीख लिहून घेतलीत. तेव्हा थोडे वाईट वाटले होते. आज तो कॅनव्हास माझ्या भिंतीवर आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो उलटून मागची ओळ दाखवतो.

ज्या कोटितीर्थाची चित्रे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवली, तिथेच गेल्या रविवारी मी बसलो होतो. समोरच्या झाडाच्या शेंड्यातून आकाश डोकावत होते. आकाशाचा रंग ब्रशवर घेतला आणि कुणी न सांगताच माझा हात पॅलेटवरच्या हिरव्याकडे वळला. सर, त्या क्षणी आपण शेजारी असायला हवे होते.

शनिवारी सकाळी चित्र घेऊन येतो. पाण्यातले प्रतिबिंब मला अजून जड वाटते आहे, ते आपण एकदा पाहावे.

आपला कृतज्ञ विद्यार्थी