यंदा अक्षतेला मी नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि मी तिथल्या तिथे माघार घेतली असती, म्हणून लिहितेय. यंदा सोलापूरला सिद्धेश्वराच्या जत्रेला, आपल्या गड्ड्याला, मी येत नाहीये. रजा मंजूर झाली, सायकलींचे पैसेही भरले. 12 ते 17 जानेवारी मी आणि माझी रूममेट हरिहरेश्वरहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर जाणार आहोत.

तारखा मुद्दाम गड्ड्याच्या धरल्या नाहीत गं. रूममेटला रजा तेवढीच मिळाली, आणि उन्हाळ्यात कोकणात घामानेच जीव जातो. बरोबर गाईड नाही, पण रस्ता मोबाइलवर उतरवून घेतलाय, मुक्काम घरगुती ठिकाणीच. गरम पाणी, साधा भात-आमटी मिळेल ना, हेही विचारून ठेवलंय. चढावर उतरून सायकल ढकलत नेऊ. तुझी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पिशवीत असेलच.

बागमांडला, दाभोळ, तवसाळ, तिन्ही खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. होडी नव्हे ती, आई, त्यात मोटारीसुद्धा चढतात. दापोलीजवळच्या मुरुडला डॉल्फिन बघायला बोटीतून जाऊ, पण लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही. हेदवीच्या बामणघळीत भरतीला कातळाच्या चिरेतून पाणी उंच उसळतं, ते लांबूनच बघेन. मामाचं मी विसरलेली नाही.

बाबा, गिरणीतून आलात की सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळून मला कंबर तलावावर न्यायचात. मला लागू नये म्हणून दोन्ही गुडघे बाहेर काढून पायडल मारायचात. परवा नवी सायकल चालवून बघताना तेच आठवलं आणि थोडा वेळ बाजूला थांबावं लागलं.

आता ऐका, आणि रागावू नका. 13 तारखेला मिरवणुकीबरोबर गावातल्या 68 लिंगांना अनवाणी फिरायचं नाही. गेल्या वर्षी खडा टोचला तो तुम्हाला कळलाही नाही, आणि अंगठ्याची जखम भरायला दोन महिने गेले. शुगरमुळे तळपाय बधिर झालेत, त्यात तुमच्या श्रद्धेचं काही उणं होत नाही. मिरवणूक घरावरून जाईल तेव्हा दारातून हात जोडा. 14 ला बाराबंदी घालून सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षतेला संमती कट्ट्यावर जरूर जा, पण रिक्षाने, आणि पायात मोजे हवेत. माझ्याही वाटच्या अक्षता टाका. दारूकाम गच्चीवरून बघा, गर्दीत नको. आई, त्यांच्या गोळ्यांची पाकिटं तू स्वतः बघ, ‘घेतल्या’ म्हणतात त्यावर जाऊ नकोस.

रोज मुक्कामी पोचले की फोन करीन. एखाद्या दिवशी रेंज नसली तर उशीर होईल, तेवढ्यावरून काकांना उठवू नका.

18 ला थेट सोलापूरलाच येते. तीळगूळ ठेवा. आल्या आल्या बाबांचे तळपाय बघणार आहे.

तुमची,
मनू