‘नाक कुठंय?’ विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

मॉडेल ग्लायडर बांधायला आणि उडवायला शिकवल्याबद्दल परवा फोनवर आभार मानायला गेले, तर ‘ते राहू दे, पंख भिंतीला टेकवून ठेवलायस की आडवा?’ असं विचारून तुम्ही विषयच बदललात. (आडवाच ठेवलाय. कपाटावर.) म्हणून आता चारचौघांत लिहिते, इथं तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाईल बघायला अजून मनाई आहे म्हणे. काकू वाचून दाखवतील.

गेल्या दसऱ्याच्या आसपास मी तुमच्याकडे आले ते ‘बर्ड ऑफ टाइम’चा फोटो घेऊन. डेव्ह थॉर्नबर्गनं आखलेलं, रिमोटवर उडणारं ते तीन मीटरचं बिनमोटरचं ग्लायडर, घारीसारखे वळत गेलेले पंख, आतून ऊन आलं की सगळ्या रिब्ज, म्हणजे पंखाच्या फासळ्या, दिसतात. माणूस फोटोच्याच प्रेमात पडावा असं. तुम्ही फोन नाकाजवळ नेलात, मग लांब धरलात आणि विचारलंत, ‘तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट आतून किती उंच आहे?’

मला वाटलं, काकांना ऐकू कमी येतंय.

मग पुढचे प्रश्न आले. आठवड्यातून किती तास मिळतात? उडवणार कुठं? आजूबाजूला बाभळी आहेत का? यापूर्वी लाकडाचं काय काय केलंयस? (पोळपाट दुरुस्त केला होता. तोही हलतो.) बँकेत नोकरी करणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईला हे खूळ कुठून लागलं, एवढं एकच तुम्ही विचारलं नाहीत. बाकी सगळ्यांनी तेवढंच विचारलं होतं.

उत्तरं ऐकून तुम्ही पलंगाखालून पुठ्ठ्याची नळी काढलीत आणि पिवळा पडलेला प्लॅन माझ्यासमोर उलगडलात. ‘जेंटल लेडी’. कार्ल गोल्डबर्ग कंपनीचं अमेरिकन ग्लायडर, पंख ७८.२५ इंच, म्हणजे दोन मीटरला सव्वा सेंटिमीटर कमी. खरं सांगते, मी हिरमुसले. खोक्यासारखं नाक, सरळसोट शेपूट, आणि पंख चक्क रबरबँडनं बांधायचा! एवढं करून नावही असं, की ऑफिसात सांगितल्यावर लोक हसले.

‘बर्ड ऑफ टाइम सुंदर आहे,’ तुम्ही म्हणालात, ‘पण तिची जवळजवळ प्रत्येक रिब वेगळ्या मापाची. तू सातव्या रिबला कंटाळशील आणि लाकूड माळ्यावर जाईल. हिच्या मधल्या भागात सगळ्या रिब्ज सारख्या. एक साचा कर आणि कापत सुट. रबरबँडला हसतेस ना? पहिल्यांदा नाक आपटेल तेव्हा पंख सुटून बाजूला पडेल. स्क्रूनं आवळला असता तर मोडला असता.’ ही झाल्यावर दुसरं कुठलं, तेही तुम्ही तेव्हाच ठरवून टाकलंत: ली रेनॉचं ‘ऑलिंपिक टू’, ९९.९ इंच. शंभर इंचांच्या वर्गात बसावं म्हणून एक दशांश कमी. या लोकांची मापं बघून मला आमच्या ऑडिटरांची आठवण आली.

नवीन माणूस फोमचं तयार विमान आणतो आणि त्याच संध्याकाळी उडवतो. त्यात वाईट काही नाही, माझ्या भाच्याकडे आहे आणि मजा येते. पण ते मोडल्यावर कुठं मोडलं हे त्याला कळत नाही, तो नवीन भाग मागवतो. तुम्ही मला जे दिलंत त्याची सुरुवात बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या तीन पट्ट्यांपासून झाली. तिन्ही एकाच मापाच्या: ३ इंच रुंद, ३६ इंच लांब, एक सोळांश इंच जाड. ‘स्वयंपाकघरातला काटा आण आणि आकडे वाच,’ म्हणालात. ११ ग्रॅम, १७ ग्रॅम, २५ ग्रॅम. एकाच जातीच्या झाडाचं लाकूड, इक्वेडोरहून आलेलं, आणि दुपटीहून जास्त फरक. मग तुम्ही एकेक पट्टी कानाजवळ धरून नखानं टिचक्या मारल्यात. जड पट्टी कडक आवाजात बोलली, हलकी पट्टी पुठ्ठ्यासारखी भद्द. हलकी शेपटीला, मधली रिब्जना, कडक जिथं ताण येतो तिथं. शेपटीत एक ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं, हे तुमचं गणित मी तेव्हा नुसतं वहीत लिहून घेतलं. पटलं नंतर, टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची वजनं मागून आणताना. मी शेपटीला डिंक जास्त लावला होता.

तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर सॉफ्टबोर्ड होता. त्यावर प्लॅन, प्लॅनवर प्लॅस्टिक, त्यावर टाचण्या. घरच्यांनी सोफ्यावर बसून जेवायची सवय करून घेतली. पंखावर प्लॅस्टिकची फिल्म चढवताना घरातली इस्त्री वापरली, तिच्या तळाला अजून लाल डाग आहे आणि नवऱ्याच्या एका पांढऱ्या शर्टालाही. फिल्म ताणल्यावर पंखाची टोकं पिळवटली होती, तेव्हा तुम्ही टोकाच्या मागच्या कडेखाली दोन नाणी सरकवलीत, बोटानं चाचपलंत आणि म्हणालात, ‘एवढं वर राहू दे, दोन्हीकडे सारखं. पुन्हा इस्त्री फिरव.’ टोकं अशी जराशी नाक खाली करून बसली की वेग कमी झाल्यावर पंख टोकाकडून दगा देत नाही. गंमत म्हणजे सगळा पंख डोळ्यानं तपासतात, तुम्ही बोटानं तपासलात. मला वाटलं, उस्तादांची हीच रीत असेल.

पंख पूर्ण झाल्यावर लिफ्टचाही उलगडा झाला. तो एकसंध, साडेसहा फुटांचा. उभा धरला तर लिफ्टमध्ये जेमतेम बसतो. जिन्यानं सहा मजले नेला असता तर पहिल्याच वळणावर कठड्याला लागला असता.

आता सासवडच्या पुढचा माळ. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशात हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा भाग बघून, मालकाला विचारून, हरभरा निघाल्यावर आपण गेलो. लोखंडी खुंटी ठोकली, तिला १५ मीटर रबर, पुढं ६० मीटर दोरी आणि टोकाला ग्लायडरच्या पोटाच्या हुकात अडकवायची कडी. दोरीला सामान तोलायचा काटा लावून मी मागं मागं चालत गेले. ‘किती दाखवतोय?’ तुम्ही विचारत होतात. अडीच किलो. ‘अजून चार पावलं.’ तीन. ‘बास. पंख आडवा, नाक किंचित वर, वाऱ्याच्या तोंडावर. फेकू नको, सोड.’

सोडलं. पतंगाला ढील देताना हातातून मांजा पळतो तसं काहीतरी छातीतून पळालं. पन्नासेक मीटरवर कडी सुटली आणि माझ्या तीन महिन्यांच्या कामाचा आवाज बंद झाला. ग्लायडरला मोटर नसते हे मला अर्थातच माहीत होतं. ती शांतता मात्र माहीत नव्हती.

आणि मागून तुमचा आवाज, ‘नाक कुठंय?’

तुमचे हात पाठीमागं बांधलेले. ‘कुठला पंख वर आहे? तुझ्याकडे येतंय की लांब जातंय?’ मी ओरडून सांगत होते. हातातल्या ट्रान्समीटरवर दोनच तर चॅनल, नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर आणि वर-खाली करणारा एलेव्हेटर. रडरनं नाक डावीकडे वळलं की उजवा पंख पुढं येतो, पंखाची टोकं वर वळलेली असल्यामुळे त्याला वारा जास्त कोनात लागतो, तो उचलला जातो आणि ग्लायडर आपोआप कलून वळतं. हे सगळं मला पाठ होतं. पण ते माझ्या दिशेनं यायला लागलं तेव्हा डावं-उजवं उलटं झालं आणि पाठांतराचा भुगा झाला. ‘खाली कुठला पंख दिसतोय? त्याच बाजूला स्टिक ने. पडणाऱ्या पंखाला काठीचा टेकू दे,’ तुम्ही म्हणालात. मी टेकू दिला. पंख सरळ झाला. काका, डाव्या-उजव्याचा एवढा सोपा उलगडा मला आधी कुणीच सांगितला नव्हता.

दुसऱ्या रविवारी मी ते पाडलं. उतरताना लांब पडेल असं वाटलं म्हणून स्टिक ओढत गेले, ओढत गेले. वेग संपला, डावा पंख खाली गेला आणि नाक ढेकळांत. पंख रबरबँडमधून सुटून बाजूला पडला, तुम्ही म्हणाला होतात अगदी तसा. तरी डाव्या टोकाच्या तीन रिब्ज गेल्याच. तुम्ही म्हणालात, ‘एलेव्हेटर ओढून उंची मिळत नाही गं, खर्च होते. चेकबुक आहे ते.’ बँकेतल्या बाईला बरोबर कळेल अशा भाषेत. मग तुम्ही तिथंच बांधावर बसून तुकडे गोळा करायला लावलेत, एकूण एक, कारण मोडलेल्या रिबवरूनच नवीन रिबचा साचा होतो.

मार्चएंडनं चार रविवार खाल्ले. (हवा सगळ्यात चांगली कधी असते, तर बँका सगळ्यात वाईट मूडमध्ये असतात तेव्हा.) एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. साडेदहा वाजले असतील. दोरी सुटली, ग्लायडर शांतपणे खाली यायला लागलं, नेहमीसारखी दोनेक मिनिटं मिळणार असं दिसत होतं. आणि तुम्ही अचानक म्हणालात, ‘वारा फिरला. मानेवर लागला बघ. समोर घारी आहेत का?’

होत्या. तीन, पंख न हलवता घिरट्या घालत. ‘तिकडे ने. आता सांग, कुठला पंख उचलतोय?’ डावा. ‘मग डावीकडे वळ. तो पंख उचलतोय तिथंच गरम हवा वर चाललीय, ग्लायडरला मात्र ती पलीकडे ढकलते. तू उलटी त्यात घूस.’ मी वळले. मग ग्लायडर खाली यायचं थांबलं. आधी थांबलं, मग चढायला लागलं. मोटर नाही, दोरी नाही, ८०० ग्रॅम लाकूड आणि प्लॅस्टिक घारींच्या खाली गोल गोल फिरत वर जात होतं, आणि तुम्ही दर वळणाला विचारत होतात, ‘आता नाक कुठंय? घारी कुठं सरकल्या? हात ढिला सोड, तिला उडू दे.’ एकोणीस मिनिटं. शेवटी ते एवढंसं झालं, म्हणून मीच घाबरून खाली आणलं.

परतताना टपरीवर चहा घेताना मी म्हटलं, काका, तुम्ही एकदाही ट्रान्समीटर हातात घेतला नाहीत. दुसरा कुणी असता तर त्या दुसऱ्या रविवारी हिसकावूनच घेतला असता. केवढा संयम!

तुम्ही बिस्किट बुडवलंत, खाल्लंत आणि म्हणालात, ‘संयम कसला? घेऊन काय करणार होतो? पन्नास पावलांच्या पुढं मला नुसता ढग दिसतो.’

काका, पहिला अर्धा मिनिट मला राग आला, हे कबूल करते. माझे तीन महिने हवेत होते आणि मागं मला सांभाळायला उभा असलेला माणूस आंधळेपणानं उभा होता! मग मी घरी येईपर्यंत सगळं मनात उलट लावत बसले. नाकाजवळ नेलेला फोन. काट्याचे आकडे मला वाचायला लावणं. नाण्यांवरचा पंख बोटानं चाचपणं. ‘नाक कुठंय?’ ही परीक्षा नव्हतीच, तुम्ही खरोखर विचारत होतात. मी सांगितलेलं ऐकून तुम्ही मनात ते विमान बघत होतात आणि माझ्या चुकीच्या उत्तरावर चुकीचा सल्ला मिळाला असता, म्हणून मला नीट बघावं लागत होतं. आणि त्या दिवशीची गरम हवा तर तुम्ही मानेनं शोधलीत. मी डोळे फाडून बघत असूनही मला ती कळली नव्हती.

एनसीसीच्या एअर विंगच्या कितीतरी पोरांना तुम्ही हे शिकवलंत, तेव्हा डोळे चांगले होते. मला अशा वर्षी भेटलात, की मला तुमचे डोळे व्हावं लागलं. त्याबद्दल, आणि त्या लिफ्टच्या प्रश्नाबद्दल, मनापासून आभार. आता तरी घ्या.

डॉक्टरांनी धूळ आणि ऊन टाळायला सांगितलंय, तोवर पाऊस येईलच. हाय-स्टार्टचं, म्हणजे त्या खुंटीच्या दोरीचं, रबर धुऊन, टाल्कम पावडर लावून अंधारात ठेवलंय. दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली की कळवा, गाडी घेऊन येते. मधल्या वेळात ऑलिंपिक टूचा प्लॅन त्या नळीतून काढून ठेवा. तिचा अर्धा पंख पन्नास इंच, लिफ्टला काहीच अडचण नाही, मी मोजलं. नवीन बाल्सा आलाय, सगळ्या पट्ट्या तोलून त्यांवर पेन्सिलीनं वजन लिहिलंय. एकच पट्टी १२ ग्रॅमची निघाली. टिचकी मारली तर आवाज हलका येतो, पण एका टोकाला जरा कडक वाटतो. ती शेपटीला वापरू का?

तुमची,
सहाव्या मजल्यावरची