व्हॅक्सिन डेपोत आता आणखी काही बांधू नका

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, मनातलं याच भाषेत नीट सांगता येतं. कन्नड प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. रात्रपाळी सुटली तरी भट्टीची घरघर कानातून जात नाही. घरी आडवं झालं की उलट वाढते. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, वर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ टेन्शन काय मी दुकानातून आणतो?

तेव्हापासून पाळी सुटली की सायकल टिळकवाडीकडे वळवतो, व्हॅक्सिन डेपोच्या जुन्या झाडीत. पहिली दहा मिनिटं डोक्यात हप्ता, पोरीची फी, सुपरवायझरचं तोंड. मग पाय वाळक्या पाल्यावर पडतो, वर कुठलासा पक्षी ओरडतो, त्याला शोधत मान वर करून उभा राहतो. आणि ध्यानात येतं, घरघर कधीच थांबलीय.

हे माझ्यापुरतं नाही. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला १२० मिनिटं तरी निसर्गात घालवणाऱ्यांपैकी जास्त जणांनी तब्येत आणि मन ठीक असल्याचं सांगितलं. वेळ सलग असो की तुकड्यातुकड्यांनी. धडधाकट माणसंच जास्त फिरत असतील, हेही खरं असेल. पण माझ्या हिशेबाने १२० मिनिटं म्हणजे रोजची वीस, सहा दिवस.

लोक म्हणतात, खऱ्या जंगलात जा. भीमगड, कणकुंबी, जांबोटी, सगळं खानापूर तालुक्यात. रान देखणं आहे, पण जायचं तर खाडा पडतो. डेपो वाटेवर आहे.

साहेब, ही जागा तुमच्याच खात्याची. इथे एके काळी देवीची लस तयार व्हायची, म्हणून तर हे नाव. ‘सुशोभीकरण’ हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. पेव्हर नकोत, रंगीत दिवे नकोत, झाडाला टांगलेला स्पीकर तर मुळीच नको. पाला पडू द्या. जुन्या झाडांच्या मुळांशी खोदकाम करू नका, एवढा लेखी आदेश काढा.

सकाळी सातनंतर मी तिथेच असतो. आलात तर गाडी गेटबाहेर ठेवून या.

आपला,
एक फाउंड्री कामगार, बेळगाव